व्हॉल्यूमचा पॉट स्वस्तातला चालेल का?

वाचकांचे प्रश्न : घरचा अ‍ॅम्प्लिफायर

प्रश्न (बार्शी) : मॅडम, वडिलांसाठी एलए ४४४० आयसीचा स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर घरीच जोडला. १२ व्होल्टचा अडॅप्टर आहे, ४ ओमचे दोन स्पीकर आहेत आणि मोबाइलवरून अभंग लावतो. दुकानदाराने दिलेला १०० के चा (एक लाख ओमचा) पॉट, म्हणजे आवाज कमी-जास्त करायचा फिरता रेझिस्टर, बसवलाय. नॉब जरा हलवला की आवाज एकदम मोठा होतो. पहाटे हळू लावलं तर डावाच स्पीकर जास्त वाजतो. दुकानदार म्हणतो, आल्प्स कंपनीचा निळा पॉट घ्या. तो तर माझ्या अख्ख्या अ‍ॅम्प्लिफायरपेक्षा महाग पडतोय. घ्यावा का?

उत्तर : नका घेऊ. अस्सल आल्प्स उत्तमच असतो, त्याबद्दल दुमत नाही. पण निळ्या रंगाच्या नकला बाजारात ढिगाने आहेत, आणि अस्सल मिळाला तरी तुमचं अर्धं दुखणं तसंच राहील. ते दुखणं पॉटच्या आधी आहे.

आकडे मांडून बघू. एलए ४४४० स्टिरिओत चालवला की त्याचा गेन साधारण ५१.५ डेसिबल असतो. म्हणजे आत येणारा सिग्नल तो सुमारे ३७५ पट करतो. ४ ओमच्या स्पीकरवर ६ वॉट काढायला ४.९ व्होल्ट लागतात. त्याला ३७५ ने भागलं की उरतात जेमतेम १३ मिलिव्होल्ट. एवढ्या सिग्नलवर तुमचा अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण ताकदीने वाजतो, आणि मोबाइल अर्धा व्होल्ट सहज देतो. गरजेच्या ३८ पट! जोराच्या नळाखाली वाटी भरताना चावी केसभरच उघडावी लागते, तसा तुमचा नॉब कायम तळाशीच अडकलेला आहे.

नेमकी तीच जागा स्वस्त पॉटची सगळ्यात कच्ची असते. स्टिरिओ पॉटमध्ये एका दांड्यावर दोन वेगवेगळे कार्बनचे ट्रॅक असतात. व्हॉल्यूमसाठीच्या लॉग पॉटचा (ज्याचा रेझिस्टन्स आधी हळू आणि पुढे झपाट्याने वाढतो) ट्रॅक एकसलग नसतो, दोन-तीन वेगळ्या रेझिस्टन्सचे पट्टे जोडून तो छापलेला असतो. दोन्ही छपाया तंतोतंत जुळत नाहीत. मधल्या भागात हजार-दीड हजार ओममध्ये पन्नास ओम इकडे-तिकडे झाले तर कानाला कळत नाही. तळाशी मात्र एकीकडे ४० आणि दुसरीकडे ८० ओम असतील तर एक स्पीकर दुसऱ्याच्या दुप्पट व्होल्टेजवर वाजतो. तुमचा डावा स्पीकर म्हणूनच पुढे येतोय.

उपाय असा. १०० के चा पॉट काढा आणि १० के लॉग बसवा. मोबाइलची वायर येते तिथून पॉटच्या वरच्या टोकाच्या पिनेपर्यंत, प्रत्येक चॅनेलला एक, असा १०० के चा रेझिस्टर मालिकेत घाला. साधा पाव वॉटचा, एक टक्केवाला मेटल फिल्म. आता नॉब पूर्ण फिरवला तरी अर्ध्या व्होल्टमधले ४५ मिलिव्होल्टच पुढे जातील. पूर्ण आवाज नॉबच्या साधारण दोन तृतीयांश फेरीत मिळेल, आणि जुनी, हळू आवाजात ध्वनिमुद्रित झालेली भजनं लावली तर वर थोडी जागा शिल्लक राहील. आवाज कमी वाटलाच तर १०० के च्या जागी ४७ के घाला. पहाटेचं ऐकणं आता तळातून वर सरकेल. वडिलांना नॉब फिरवताना हात आखडता घ्यावा लागणार नाही, आणि माझ्या मते अ‍ॅम्प्लिफायर चांगला झाला का हे आधी त्यावरून ठरतं.

पॉट विकत घेताना मल्टिमीटर सोबत न्या. पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला, गर्दीची वेळ नसेल तर, दुकानदार मोजू देतात. चार-पाच पॉट मागा. पिना खाली आणि दांडा तुमच्याकडे धरला की डावीकडची पिन ग्राउंडची, मधली आवाज बाहेर काढणारी आणि उजवीकडची सिग्नल आत घेणारी. दांडा पाव फेरीवर ठेवून दोन्ही ओळींत डावी आणि मधली पिन यांमधला रेझिस्टन्स मोजा. एकीकडे ५०० आणि दुसरीकडे ५५० ओम आले तर बिनधास्त घ्या, फरक एका डेसिबलच्या आत आहे. ५०० आणि ७०० आले तर जवळजवळ ३ डेसिबलचा फरक झाला, तो परत करा. मग अर्ध्या फेरीवरही एकदा बघा. एकाच कंपनीच्या, एकाच खोक्यातल्या पॉटांमध्ये केवढा फरक निघतो ते स्वतः मोजल्याशिवाय पटत नाही. तंत्रनिकेतनात दरवर्षी प्रॅक्टिकलला मी मुलांकडून हे मोजून घ्यायचे. निवडून घेतलेला स्वस्त पॉट न निवडलेल्या महागड्याच्या पंक्तीला बसतो, हे मी मोजून सांगते आहे.

बसवून झालं की मोनो ध्वनिमुद्रण लावा. दोन्ही स्पीकरच्या बरोबर मध्ये बसा. गाणाऱ्याचा आवाज मधोमध उभा राहिला पाहिजे आणि नॉब खाली आणताना तिथून हलता कामा नये. याहून चांगली चाचणी घरी होत नाही.

प्रश्न (नाशिक) : पॉटवर ए५०के आणि बी५०के असं लिहिलेलं असतं. व्हॉल्यूमसाठी कोणता? दुकानात फक्त बी मिळतोय.

उत्तर : हल्लीच्या आशियाई मालावर ए म्हणजे लॉग आणि बी म्हणजे लिनिअर, ज्याचा रेझिस्टन्स फेरीबरोबर सारखा वाढतो. व्हॉल्यूमला ए. पण जुन्या युरोपीय मालावर ए म्हणजे लिनिअर असायचा, म्हणून अक्षरावर विसंबू नका. दांडा बरोबर मधोमध ठेवून डावी आणि मधली पिन मोजा. एकूण रेझिस्टन्सच्या निम्मा आला तर लिनिअर, दहा ते पंधरा टक्के आला तर लॉग.

आपल्या कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल वाढ लागते. लिनिअर पॉट अर्ध्यावर आणला तरी फक्त ६ डेसिबल उतरतात, म्हणजे अर्धी फेरी संपली तरी आवाज फारसा कमी झालेला नसतो. सगळी उतरण शेवटच्या थोड्याशा भागात कोंबली जाते.

बी शिवाय काही मिळतच नसेल तर बी५०के घ्या आणि प्रत्येक चॅनेलला मधली पिन आणि ग्राउंड यांच्यामध्ये ६.८ के चा रेझिस्टर जोडा. मधोमध असताना आता ५० च्या ऐवजी साधारण १८ टक्के सिग्नल पुढे जातो, म्हणजे सुमारे १५ डेसिबलची उतरण. अगदी लॉगसारखी नाही, पण कानाला सुखाची. शिवाय लिनिअर ट्रॅक एकसलग असल्यामुळे दोन्ही चॅनेल बहुधा जास्त चांगले जुळतात. मला ही जोडणी मनापासून आवडते. एकच अट आहे. नॉब पूर्ण उघडला की सिग्नल देणाऱ्या यंत्राला फक्त ६ के चा भार दिसतो. मोबाइल किंवा यूएसबी डॅकला (डिजिटल आवाजाचा सिग्नल करणाऱ्या डबीला) तो पेलतो, व्हॉल्व्हच्या प्रीअँपला (मुख्य अँपच्या आधीच्या छोट्या अँपला) पेलत नाही.

बास-ट्रेबलच्या नॉबांना मात्र हा रेझिस्टर लावू नका. पीटर बॅक्झंडॉल यांनी १९५२ मध्ये मांडलेल्या टोन कंट्रोलला लिनिअर पॉटच लागतो.

प्रश्न (रत्नागिरी) : व्हॉल्यूमचा नॉब दिवाणाशेजारी हवा म्हणून ५ मीटर शिल्डेड वायर ओढली. पॉट १०० के, वायरीच्या पलीकडे टीएल ०७२ आयसीचा प्रीअँप. टाळांचा आवाज बोथट झालाय. वायर बदलू का?

उत्तर : वायर राहू द्या, पॉट बदला. पॉटच्या मधल्या पिनेतून बाहेर दिसणारा रेझिस्टन्स जास्तीत जास्त त्याच्या एक चतुर्थांश होतो. १०० के ला २५ के. साध्या शिल्डेड वायरीची कपॅसिटन्स मीटरला १०० पिकोफॅरॅड धरली तर ५ मीटरला ५०० होतात. २५ के आणि ५०० पिकोफॅरॅड मिळून साडेबारा हजार हर्ट्झच्या आसपासच ३ डेसिबल खातात, आणि टाळांची धार त्याच भागात असते. १० के पॉट लावलात तर हीच मर्यादा सव्वा लाख हर्ट्झच्या पुढे जाते. वायरीतून येणारी गुणगुणही कमी होईल.

पॉटला सिग्नल देणारं यंत्र आत काय बाळगून आहे ते मात्र बघा. त्याच्या आउटपुटला १ मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर असेल तर १० के बरोबर १६ हर्ट्झपर्यंत बास मिळतो. तिथे ०.१ मायक्रोफॅरॅड असेल तर १६० हर्ट्झच्या खाली उतार लागतो आणि पखवाज पोकळ वाटतो.

प्रश्न (मडगाव) : नवा पॉट पहिल्या दिवसापासून खरखरतो. बदलला, दुसराही खरखरतो. आयसी एलए ४४४०. आमच्याकडच्या खाऱ्या हवेमुळे असेल का?

उत्तर : पहिल्याच दिवशी खारी हवा काही करत नाही. गाणं बंद ठेवून नॉब फिरवा. तरीही स्पीकरमधून खरखर आली तर पॉटमधून डीसी (एकाच दिशेचा प्रवाह) वाहतोय. गाणं चालू असतानाच आली तर ट्रॅक मळलेला किंवा झिजलेला आहे.

तुमच्याकडे दोन पॉट तेच करतायत म्हणजे बहुतेक डीसीच. या आयसीला इनपुट कपॅसिटर नसला तरी चालतं, म्हणून कित्येक स्वस्त बोर्डांवर तो गाळलेला असतो. पण पॉटची खरखर होत असेल तर इनपुटला कपॅसिटर जोडा, असं हा आयसी बनवणाऱ्या सान्योच्या डेटाशीटमध्येच (माहितीपत्रकात) सांगितलेलं आहे. पॉटची मधली पिन आणि आयसीचा इनपुट यांच्यामध्ये १ मायक्रोफॅरॅडचा फिल्म कपॅसिटर घाला, दोन्ही चॅनेलना.

टीडीए २०३० हा दुसरा आयसी वापरणाऱ्यांनी हे वाचून लगेच सोल्डरिंग आयर्न तापवू नये. तिथे प्लस-मायनस अशा दुहेरी सप्लायच्या बोर्डावर कपॅसिटरच्या पलीकडे, आयसीच्या बाजूला, इनपुट ते ग्राउंड २२ के चा रेझिस्टर आहे ना, ते आधी बघा. तो नसेल तर इनपुट अधांतरी राहतो, आउटपुटला डीसी चढतो आणि स्पीकर जळू शकतो.

खाऱ्या हवेचा त्रास पुढे होईलच, तेव्हा इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. रॉकेल किंवा खोबरेल तेल पॉटमध्ये कधीही घालू नका.

प्रश्न (जालना) : मी अकरावीत आहे. पायऱ्यापायऱ्यांचा, रेझिस्टरवाला व्हॉल्यूम कंट्रोल हवाय, पण तयार मिळतो तो परवडत नाही. घरी होईल का?

उत्तर : होईल, आणि तू तो नक्की कर. दोन पोल, सहा वे (एकाच दांड्यावर दोन स्विच, प्रत्येकाला सहा जागा) असा रोटरी स्विच घे. एक पोल डाव्या चॅनेलला, दुसरा उजव्या. घेताना विचार, पुढच्या टोकाला टेकल्यावर मगच मागचं सोडणारा आहे का. तसा नसेल तर प्रत्येक पायरीला टक् आवाज येईल.

प्रत्येक चॅनेलला एकामागे एक असे पाच रेझिस्टर जोड : ५.१ के, २.७ के, १.२ के, ६२० ओम, ६२० ओम. सगळे एक टक्क्याचे. पहिल्याच्या मोकळ्या टोकाला सिग्नल, शेवटच्याच्या मोकळ्या टोकाला ग्राउंड. सिग्नलचं टोक, मधले चार जोड आणि ग्राउंड मिळून सहा जागा होतात, त्या क्रमाने स्विचच्या सहा टोकांना जोड. स्विचच्या मधल्या टोकातून आवाज अ‍ॅम्प्लिफायरकडे जाईल. प्रत्येक पायरीला साधारण ६ डेसिबल उतरतील आणि शेवटची पायरी पूर्ण बंद. एकूण दहा के च्या जवळ भरतं, त्यामुळे मोबाइलला अडचण नाही. दोन्ही चॅनेल इतके जुळतील की महागडा पॉटही मागे पडेल.

सहा पायऱ्या तुला कमी वाटतील. बारीक फरक मोबाइलच्या बटणावर कर. रेझिस्टर लावण्याआधी प्रत्येक मोजून जोड्या लाव, आणि पहिल्यांदा चालू करताना स्विच बंदच्या पायरीवर ठेव.