आधी जायरो, मोटर नंतर

मित्रा, तुझ्या आरसी (रिमोट कंट्रोलवरच्या) ड्रिफ्ट कारसाठी नवी मोटर घ्यायची घाई करू नकोस. रिअर व्हील ड्राइव्ह, म्हणजे फक्त मागच्या चाकांना ताकद मिळणाऱ्या, ड्रिफ्ट कारमध्ये पहिला खर्च सर्वो (पुढची चाकं वळवणारी छोटी मोटर) आणि जायरोवर (मागची बाजू घसरली की स्टीअरिंग आपोआप सावरणारा सेन्सर). सर्वो सुस्त असेल तर जायरो कितीही भारी घे, गाडी गिरकी घेणारच.

जायरो बसवलास की गाडी टेबलावर ठेव, चालू कर आणि मागची बाजू हाताने झटकन उजवीकडे ढकल. पुढची चाकंही उजवीकडेच वळली पाहिजेत. उलटी वळली तर जायरोची दिशा बदल, नाहीतर पहिल्याच वळणावर भिंत. मग गेन, म्हणजे जायरो किती जोरात सावरतो ते, हळूहळू वाढवत जा. सरळ रेषेत पुढची चाकं थरथरायला लागली की थोडा मागे घे. एंड पॉइंट (सर्वो दोन्ही बाजूंना किती वळेल याची मर्यादा) पण तेव्हाच लाव, म्हणजे पूर्ण वळवल्यावर सर्वो अडून गरम होणार नाही.

टायर कडक प्लास्टिकचेच, आणि ट्रॅकवर बाकीचे वापरतात तेच घे. वेगळ्या ग्रिपचे टायर लावून सोबत ड्रिफ्ट करणं म्हणजे निव्वळ डोकेदुखी. मागचा डिफरन्शियल लॉक असू दे, म्हणजे मागची दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरतील. मोटर १३.५ टर्न (तारेचे वेढे) सेन्सर्ड (आत सेन्सर असलेली) ब्रशलेस (कार्बन ब्रश नसलेली), सुरुवातीला पुरे. ॲल्युमिनियमचे चकचकीत पार्ट? दिसतात छान, एवढंच. एका वेळी एकच सेटिंग बदल.