देवावर भरवसा ठेवणाऱ्याने भागीदारीचा कागद करावा का?

आपला प्रश्न असा आहे की, मनुष्यावर भिस्त ठेवण्यापेक्षा परमेश्वराचा आश्रय धरणे बरे, असे बायबलमधील 118वे स्तोत्र सांगत असताना चुलतभावाबरोबर मच्छीमार नौका घेण्यासाठी लेखी करार करणे विश्वासणाऱ्याला शोभते का. माझे उत्तर असे की करार करावाच, आणि नौकेची नोंदणी होण्यापूर्वी करावा.

या वचनांचा आमच्या घरात कसा वापर झाला, ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. वेंगुर्ले तालुक्यात आमच्या आजोळी हापूसची बाग असून सातबाऱ्यावर आई आणि थोरले मामा या दोघांचीही नावे आहेत. बाग दरवर्षी व्यापाऱ्याला कराराने जात असे, आगाऊ रक्कम मामा घेत, आणि माझे वडील वारल्यावर गरज भासू लागली म्हणून आईने हिशेब विचारला की ते म्हणत, "आपण देवाची माणसं, बहीणभावांत कागद कसले? वरचा बघतो आहे." आईच्या वाट्याला हंगामात दोन-चार पेट्या आंबे आणि नाताळला एक साडी येई. शेवटी तिने मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, पंचांपैकी एका ज्येष्ठ गृहस्थांना मध्यस्थी करण्याची विनंती केली. ते आमच्या ओटीवर येऊन बसले, त्यांनी चष्मा धोतराच्या सोग्याने पुसला आणि 146व्या स्तोत्राचे तिसरे व चौथे वचन मोठ्याने वाचले: अधिपतींवर भिस्त ठेवू नका, ज्याच्या हाती तारण नाही अशा माणसावर ठेवू नका, त्याचा श्वास जातो, तो मातीस मिळतो आणि त्याच दिवशी त्याचे बेत संपतात. मग बायबल मिटून ते म्हणाले, "बाई, तुम्ही माणसावर भरवसा ठेवलात, म्हणून ही वेळ आली." म्हणजे आंबे विकले मामांनी आणि दोष आईच्या पदरात! आईने त्यांच्यासमोरचे बायबल उचलले, तेच पान काढले आणि पुढचे वाचू लागली. परमेश्वर जुलूम झालेल्यांचा न्याय करतो, असे सातवे वचन सांगते आणि तो अनाथांना व विधवेला सावरतो, असे नववे. "तुम्ही चौथ्यावर थांबलात," ती म्हणाली, "मी नवव्यातली आहे." त्या गृहस्थांना अचानक दुसरीकडे जायचे असल्याचे आठवले.

तेव्हापासून माझे ठाम मत आहे की ही वचने फसवल्या गेलेल्या माणसाला ऐकवण्यासाठी नाहीत. ती कोणाला उद्देशून आहेत ते पाहावे. यशयाच्या 31व्या अध्यायात घोडे आणि रथ पाहून मिसरकडे (इजिप्तकडे) मदतीला धावणाऱ्यांची कानउघाडणी आहे. दुसऱ्या इतिहासाच्या 16व्या अध्यायात यहूदाचा राजा आसा मंदिराच्या भांडारातले सोने-रुपे अरामाचा राजा बेन-हदाद याला पाठवून त्याचे संरक्षण विकत घेतो, हनानी द्रष्टा त्याला जाब विचारतो, आणि राजा रागावून द्रष्ट्यालाच कैदेत टाकतो. देवाची जागा माणसाला देऊ नये, एवढा या शिकवणीचा रोख आहे. हिशेब मागू नये असे तीत कुठेही नाही.

माणसावर भिस्त ठेवणारा शापित आहे, हे सर्वांत कठोर शब्द यिर्मयाच्या 17व्या अध्यायात येतात. त्याच यिर्मया संदेष्ट्याने 32व्या अध्यायात, यरुशलेमेला बाबेलच्या सैन्याचा वेढा पडलेला असताना आणि स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत असताना, आपल्या चुलतभावाकडून, हनामेलाकडून, अनाथोथ येथील शेत विकत घेतले. त्याने 17 शेकेल रुपे तराजूत तोलून दिले, खरेदीखतावर सही केली, साक्षीदार घेतले, आणि मोहोरबंद व उघडी अशा दोन्ही प्रती आपला लेखनिक बारूख याच्या हाती देऊन मातीच्या भांड्यात जपून ठेवायला सांगितल्या. व्यवहार चुलतभावाशीच होता, हे आपण विशेष लक्षात घ्यावे. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या 8व्या अध्यायात पौलही मदतीचा पैसा एकट्याने नेत नाही; मंडळ्यांनी निवडलेला माणूस बरोबर घेतो, आणि जे प्रभूच्याच नव्हे तर माणसांच्याही दृष्टीने चांगले ते करण्याची काळजी घेतो. आमच्या त्या ज्येष्ठांनी हा अध्याय मंडळीच्या जमाखर्चाच्या सभेत एकदा तरी वाचावा, अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे.

नौका कोणाच्या नावावर राहील, कर्जाचा हप्ता पावसाळी बंदीच्या महिन्यांत कोण भरेल, डिझेल आणि बर्फाचा खर्च विक्रीतून आधी वजा होईल की नंतर, आणि एकाने अंग काढून घेतल्यास इंजिनाची किंमत कशी धरायची, हे सगळे लिहून घ्यावे. जमिनीचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, आपल्या ख्रिस्ती लोकांना भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925 लागू होतो आणि त्यात मुलगा व मुलगी यांचा हिस्सा सारखाच असतो. बहिणीला "देव देईल" असे सांगणाऱ्या भावांनी तो अवश्य वाचावा.

मात्र याचा अर्थ चुलतभावाला चोर समजावे असा नाही. नीतिसूत्रांच्या 31व्या अध्यायात पतीचे मन पत्नीवर भरवसा ठेवते, ते कौतुकानेच सांगितले आहे. आसाने आजारपणात वैद्यांचाच धावा केला, एवढ्या आधारावर औषध नाकारणारेही मी पाहिले आहेत; त्यांच्या नादी लागू नये. करार झाल्यावरही माणूस फसवू शकतो, हेही खरे आहे. आई अजून नाताळला मामांकडे करंज्या पाठवते. वाटणीसाठी केलेला अर्ज मात्र तिने मागे घेतलेला नाही, आणि तो तिने मागे घ्यावा असे मला वाटत नाही.