वाचकांचे प्रश्न : रेसिंगमधून ब्रेक घ्यायचा तर पूर्ण घ्या

प्रश्न : नमस्कार दादा, मी फोंड्याचा, वय चौतीस, वेर्ण्याला फार्मा कंपनीत शिफ्ट ड्युटी करतो. हौशी रेसिंग करतो, ऑटोक्रॉसपासून (मैदानात आखलेल्या वाटेवर घड्याळाशी लावलेली शर्यत) सुरुवात केली आणि आता जुनी मारुती एस्टीम तयार करून चेन्नई, कोइम्बतूरला ट्रॅकवर उतरतो. यंदा घरी मुलगी झाली, बाबांची बायपास झाली, गाडीसाठी काढलेलं पर्सनल लोन अजून चालू आहे. बायको काही बोलत नाही, पण मी ट्रेलर जोडायला लागलो की ती आत निघून जाते. मित्र म्हणतात पूर्ण सोडू नको, वर्षातून एखादी रेस तरी कर नाहीतर हात जाईल. मला थांबायचंय पण थांबलो की परत येणं होणारच नाही अशी भीती वाटते. गाडी ठेवू की विकू? आणि ग्रुपमध्ये काय सांगू?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : मित्रा, ब्रेक घे, आणि घ्यायचा तर पूर्ण घे. "वर्षातून एखादी रेस" हा जो मधला मार्ग तुझे मित्र सुचवतायत ना, मला विचारशील तर सगळ्यात धोक्याचा तोच आहे.

विचार कर, वर्षातून एकदा ट्रॅकवर येणाऱ्या माणसाकडे काय असतं? गाडी कित्येक महिने उभी असते, टायरचं रबर वापरलं नाही तरी कडक होत जातं, आणि डोक्यात मात्र मागच्या हंगामातला बेस्ट लॅप टाइम घट्ट बसलेला असतो. चेन्नईचा ट्रॅक पावणेचार किलोमीटरच्या आसपास आहे, स्ट्रेट संपताना ब्रेक कुठे मारायचा ते तुला झोपेतसुद्धा सांगता येईल, पण पायाला तेवढ्या जोरात, तेवढ्या वेळेवर पेडल दाबायची सवय राहिलेली नसते, आणि शेजारून जाणारा मुलगा अख्खा सीझन चालवून आलेला असतो. त्यात तू नाइट शिफ्ट करून, लहान बाळाच्या घरातली अर्धवट झोप घेऊन, नऊशेच्या आसपास किलोमीटर ट्रेलर ओढत गेलेला. गोव्यात कायमचं सर्किट नाही त्यामुळे आपल्याकडच्या प्रत्येकाची रेस खरं तर घरून निघाल्यापासूनच सुरू होते, हे बाहेरच्यांना कळत नाही. हेल्मेट, सूट, बंद काचा आणि चेन्नईचं ऊन. अशा वेळी जी अर्ध्या सेकंदाची चूक होते ती टॅलेंट कमी म्हणून नाही होत, थकव्याने होते.

पैशाचंही तेच. एका रेससाठी रेसिंगचं लायसन्स नवं करावंच लागतं, मेडिकल असतं, एंट्री फी, टायर, मेकॅनिकचे दिवस, ट्रेलरचं डिझेल, लॉज, सगळं तेच. चार रेसचा खर्च चारात विभागला जातो, एका रेसचा एकटीच्याच अंगावर येतो. हौसेला मोल नसतं म्हणतात ते मलाही पटतं, पण हप्ता चालू असताना आणि बाबांची औषधं चालू असताना त्या हौसेचा आनंद तुला त्या दोन दिवसांतही मिळणार नाही, पॅडॉकमध्ये, म्हणजे ट्रॅकमागे गाड्या उभ्या करतात तिथे, बसून फोन बघत राहशील.

आता परत येता येतं का. येतं. निकी लाउडाने १९७९ मध्ये हंगाम चालू असतानाच फॉर्म्युला वन सोडलं, आपली विमान कंपनी बघायला लागला, १९८२ ला परत आला आणि १९८४ ला अर्ध्या पॉइंटने वर्ल्ड चॅम्पियन झाला. अ‍ॅलन प्रोस्ट १९९२ चं अख्खं वर्ष बाहेर होता, १९९३ ला विल्यम्स संघाच्या गाडीतून चौथं टायटल घेऊन गेला. दुसरी बाजूही सांगतो, मायकेल शूमाकर २००६ ला थांबला, २०१० ला परतला आणि पुढच्या तीन हंगामांत त्याला एकदाच पोडियम, म्हणजे पहिल्या तिघांत जागा, मिळाली. म्हणजे आधीसारखंच होईल याची खात्री कुणालाच नसते, शूमाकरलाही नव्हती. पण तुला आणि मला टायटल जिंकायचं नाहीये, आपल्याला गाडी चालवायचीय, आणि ते चाळिशीतसुद्धा येतं, पन्नाशीतले लोक ट्रॅक डेला (शर्यत न लावता ट्रॅकवर गाडी चालवायचा दिवस) मस्त चालवताना मी बघतो.

फक्त "बघू पुढे कधीतरी" असं ठेवू नको. तारीख ठरव. उदाहरणार्थ पुढच्या वर्षीच्या डिसेंबरपर्यंत एकही एंट्री भरणार नाही, आणि तेव्हा लोन फिटलेलं असेल, बाबा बरे असतील, बाजूला थोडे पैसे असतील तर परत विचार करू. ही तारीख ग्रुपच्या आधी बायकोला सांग. ती बोलत नाही याचा अर्थ तिला चालतंय असा घेऊ नको रे, तू स्वतःच लिहिलंयस की ती आत निघून जाते. तिच्यासोबत बसून सांग, आणि तिला काय वाटतं ते तिने सांगेपर्यंत थांब. ग्रुपमध्ये मग एक ओळ पुरते, "अमुक महिन्यापर्यंत मी नाही, नंतर भेटू." कारणं देत बसलास की प्रत्येक कारणावर कुणीतरी उपाय काढतं आणि तू परत ट्रेलर जोडतोस.

अजून एक, मुलगी झालीय म्हणजे टर्म इन्शुरन्सचा विचार चालू असेलच. फॉर्ममध्ये धोक्याच्या छंदांबद्दल विचारतात तिथे रेसिंग खरं खरं लिही, प्रीमियम वाढला तर वाढू दे. लपवलेलं नंतर क्लेमच्या वेळी बाहेर येतं आणि तेव्हा निस्तरायला तू नसतोस, ती असते.

गाडी. माझं मत, घरी छप्पर असलेली कोरडी जागा असेल तर एस्टीम ठेव. रेससाठी तयार केलेल्या गाडीत घातलेले पैसे विकताना परत येत नाहीत, आणि हे मॉडेल बंद होऊन बरीच वर्षं झाली, चांगली बॉडी शोधायला गेलास तर दमशील. ट्रेलर मात्र विक किंवा भाड्याने दे, जादा टायर-रिम्स वगैरे विक, ते पैसे सरळ लोनमध्ये टाक. ट्रेलर दारात उभा नसला की मोहसुद्धा कमी होतो. आणि जागाच नसेल, गाडी पावसात उभी राहणार असेल, तर मन घट्ट करून विकून टाक, कारण आपल्या पावसात जून ते सप्टेंबर उघड्यावर ठेवलेली गाडी गणपतीच्या चवथीपर्यंत ओळखू येत नाही.

ठेवायची तर नीट ठेव, यावर मी जरा जास्तच लिहिणार आहे कारण गोव्यात गाड्या चालवून कमी आणि उभ्या राहून जास्त मरतात. ताडपत्री किंवा प्लास्टिक अंगाला चिकटून टाकू नको, आत घाम धरतो आणि पत्रा आतून गंजतो, हवा खेळेल असं कापडी कव्हर घाल. हँडब्रेक ओढून ठेवू नको, मागचे ब्रेक शू दमट हवेत ड्रमला धरतात, चाकांना ओंडके लाव आणि गाडी स्टँडवर घे म्हणजे टायर एकाच जागी चपटे होणार नाहीत. बॅटरीची निगेटिव्ह काढ. पेट्रोलमध्ये आता इथेनॉल असतं आणि ते हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे टाकी रिकामी करून घेतलेली बरी. दर रविवारी पाच मिनिटं इंजिन चालू करून बंद करायची सवय बऱ्याच जणांना असते, ते करू नको, इंजिन पूर्ण तापत नाही आणि ऑइलमध्ये, सायलेन्सरमध्ये पाणी साठत जातं. चालू केलंस तर पूर्ण गरम होईपर्यंत चालव नाहीतर हातच लावू नको. बॉनेटखाली उंदीर वायरिंग खातात, ते अधूनमधून उघडून बघ.

आणि ब्रेक फ्लुइड, म्हणजे पेडलचा दाब चाकांच्या ब्रेकपर्यंत नेणारा द्रव. डॉट ४ दर्जाचं फ्लुइड नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी शोषलेल्या त्याच फ्लुइडसाठी ही मर्यादा १५५ अंशांवर येते. फ्लुइड उकळलं की त्यात वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल सरळ फ्लोअरला. परत येशील तेव्हा सगळ्यात आधी ते पूर्ण बदल, वरून भरून भागवू नको.

खाज सुटलीच तर पहिले काही महिने तरी इव्हेंटला बघायलासुद्धा जाऊ नको. नंतर मार्शल म्हणून, म्हणजे ट्रॅकच्या कडेला झेंडे दाखवणारा म्हणून, जा. कॉर्नरला उभं राहून पिवळा झेंडा, निळा झेंडा दाखवताना लोक कुठे ब्रेक मारतात, कुठे घसरतात हे जे दिसतं ते गाडीत बसून कधीच दिसत नाही. पावसात गोव्यात रेनफॉरेस्ट चॅलेंजसारखे ऑफरोडचे इव्हेंट होतात, तिथेही हात लागतात.

प्रश्न : दादा, माझे मिस्टर आधी रॅलीला जायचे, मुलाच्या शाळेमुळे आणि खर्चामुळे त्यांनी स्वतःच बंद केलं. पण आता आठवड्यातून एकदा तरी रात्री जेवण झालं की "जरा फिरून येतो" म्हणून दोन मित्रांबरोबर गाड्या घेऊन चोर्ला घाटाकडे जातात. मी काही बोलले की म्हणतात "रेसिंग सोडलं ना तुझ्यासाठी, आता एवढं तरी करू दे." मला झोप लागत नाही.
— एक ताई, डिचोली

उत्तर : ताई, तुमची भीती अगदी बरोबर आहे आणि ती त्यांना स्पष्ट सांगा. त्यांनी रेसिंग सोडलेलं नाही, फक्त सुरक्षित जागा सोडलीय.

रॅलीत स्टेजचा, म्हणजे वेळ लावून धावायच्या टप्प्याचा, रस्ता बंद केलेला असतो, समोरून कुणी येत नाही, गाडीत रोल केज (आतला लोखंडी पिंजरा) असतो, हेल्मेट असतं, अँब्युलन्स उभी असते. चोर्ल्याला रात्री यातलं काय असतं? बेळगावहून भाजीच्या गाड्या त्याच रस्त्याने उतरतात, धुकं असतं, पावसात रस्त्यावर दगडमाती येते, खाली गावात गुरं रस्त्यावर बसलेली असतात. मिस्टर कितीही चांगले ड्रायव्हर असोत, वळणाच्या पलीकडे स्कूटरवरून घरी निघालेला माणूस त्यांच्या कौशल्याने दिसणार नाहीये. तो माणूस कुणाचा तरी बाबा असतो, मला याच गोष्टीचा जास्त त्रास होतो.

कायद्याचं सांगायचं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं गुन्हा आहे, पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि परत सापडले तर एक वर्षापर्यंत. गाडीच्या पॉलिसीतही रेसिंग आणि स्पीड टेस्टिंग वगळलेलं असतं, म्हणजे अपघात झाला तर भरपाईचं सगळं भिजत घोंगडं.

पण हे सगळं त्यांना माहीत असणार. म्हणून ते चावी हातात घेऊन दारात उभे असताना वाद घालू नका, दुसऱ्या दिवशी सकाळी शांतपणे बोला. "तुझ्यासाठी सोडलं" हे वाक्य तर तिथेच थांबवा, निर्णय दोघांचा होता, त्याचं ओझं एकट्या तुमच्यावर का? रॅलीतला एखादा जुना, मोठा माणूस, ज्याचा शब्द ते ऐकतात, त्याच्याशी बोला, अशी माणसं रस्त्यावरच्या रेसिंगच्या फार विरोधात असतात आणि सरळ खडसावतात. आणि थोडं त्यांच्याही बाजूने सांगतो, वेग एकदम बंद झाला की माणसाला आतून अस्वस्थ वाटतं, ते नाटक नसतं. फुटबॉल, बॅडमिंटन, महिन्यातून एकदा कार्टिंग, दमवणारं काहीतरी ठरलेल्या दिवशी हवंच. कार्टिंगला मुलालाही घेऊन जाऊ देत. तरीही रात्रीचं जाणं थांबलं नाही तर घरातल्या मोठ्यांना सांगायला लाजू नका.

प्रश्न : तीन वर्षांनी परत सुरू करतोय. हेल्मेट, सूट, सीट बेल्ट सगळं कपाटात जपून ठेवलंय, एकदम नव्यासारखं दिसतं. चालेल ना?
— एक वाचक, पेडणे

उत्तर : दिसण्यावर जाऊ नका. एफआयए या मोटरस्पोर्टच्या जागतिक संघटनेच्या मानकाच्या हार्नेसवर (रेसच्या सीट बेल्टवर) वैधतेचं वर्ष छापलेलं लेबल असतं, उत्पादनाच्या वर्षानंतर साधारण पाच वर्षं. ते उलटलं असेल तर स्क्रुटिनीला (रेसआधीच्या तपासणीला) अडवतील आणि बरोबरच करतील, आपल्या दमट हवेत पट्ट्यावर बुरशी धरली असेल तर तारीख शिल्लक असूनही मी तो लावणार नाही. हेल्मेट स्नेल या हेल्मेट तपासणाऱ्या संस्थेच्या मानकाचं असेल तर तेही साधारण पाच वर्षांनी बदलायला सांगतात, आणि कधी हातातून पडलं असेल तर आजच बदला, आतला फोम एकदाच धक्का घेतो. सूटच्या शिवणी आणि चेन बघा, बुटाचा सोल निघतोय का बघा, अग्निशामक सिलिंडर तपासून घ्या.

मग थेट रेसची एंट्री भरू नका, आधी एक ट्रॅक डे करा. पहिल्या सेशनला लॅप टायमर बंद ठेवा, दोन-तीन लॅप ब्रेक आणि टायर गरम करण्यात घालवा, पॅडॉकला परत या, पेडल मऊ झालंय का ते दाबून बघा, चाकांचे नट परत आवळा आणि मगच दुसऱ्यांदा बाहेर पडा.