विचारा ना ताईंना: काढा, साल आणि सर्पगंधा

प्रश्न: ताई, पावसाळा लागला की आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरलेलं भांडण. अर्धे म्हणतात घरगुती औषधं म्हणजे नुसता भंपकपणा, अर्धे म्हणतात आज्यांना सगळं माहीत होतं, डॉक्टर हवेत कशाला. बाकीच्या देशांत पण असं असतं का, आणि त्यातून कधी खरंखुरं औषध निघालंय का? (एक वाचक, मुलुंड)

उत्तर: असतं की, सगळीकडे असतं. युरोपात तापावर विलो झाडाची साल द्यायचे, पेरू देशाकडे सिंकोना झाडाची. विलोच्या सालीचा धागा धरत धरत ॲस्पिरिन आली, १८९९ मध्ये बाजारात, आणि सिंकोनातून दोन फ्रेंच केमिस्टांनी १८२० मध्ये क्विनीन हे मलेरियाचं औषध वेगळं काढलं. पण मला सगळ्यात भारी वाटते ती चीनची गोष्ट. १९६७ मध्ये तिथल्या सरकारने मलेरियावर औषध शोधायचं गुप्त काम काढलं, पुढे त्यात तू योयो नावाच्या बाई आल्या, त्यांच्या टीमने जुन्या पोथ्या नि वैद्यांकडचे २००० हून जास्त नुस्खे गोळा केले, एका पाल्याचा रिझल्ट मधेच चांगला यायचा मधेच गायब, आणि मग चौथ्या शतकातल्या एका वैद्याच्या पुस्तकात बाईंना दिसलं की तो माणूस पाला उकळतच नाहीये, पाण्यात भिजवून पिळून रस प्या म्हणतोय. म्हणजे उष्णतेनेच औषध मरत असणार! मग त्यांनी जेमतेम ३५ डिग्रीला उकळणारा ईथर वापरला, आणि हाती आलं आर्टेमिसिनिन. २०१५ चं नोबेल. आज आपल्याकडे फाल्सिपेरम, म्हणजे जास्त धोक्याचा मलेरिया निघाला की ज्या गोळ्या देतात त्या याच घराण्यातल्या. (आणि आपण? पाला दिसला की टाक पातेल्यात आणि अर्धा होईपर्यंत आटव.)

आता ग्रुपवर हे टाका: नुस्खे २००० च्या वर होते, आणि जो कामी आला तो पण नीट तपासल्यावरच. बाय द वे, त्या पाल्याचा नुसता चहा पिऊन मलेरिया बरा करायला जागतिक आरोग्य संघटना नको म्हणते, कारण कपात औषध किती उतरलं कोणालाच कळत नाही.

प्रश्न: सासऱ्यांना प्रेशरची गोळी चालू आहे. गावच्या एकाने सर्पगंधाची पावडर आणून दिलीये, म्हणतो साइड इफेक्ट शून्य. देऊ का? (एक सून, लालबाग)

उत्तर: नका देऊ. पावडर खोटी आहे म्हणून नाही, उलट खरी असली तर जास्त पंचाईत. सर्पगंधा प्रेशर उतरवते हे तर आपल्या मुंबईतूनच जगाला नीट कळलं, तुमच्यापासून जवळच, परळच्या केईएममधले डॉ. रुस्तम जाल वकील, त्यांनी १९४९ मध्ये पेशंटवरचा अभ्यास ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापला, १९५२ मध्ये सर्पगंधाच्या मुळीतून रेसरपीन हे त्यातलं औषध वेगळं निघालं आणि बरीच वर्षं जगभर डॉक्टर ते लिहून देत होते. मग मागे का पडलं, तर काही पेशंटना उदास वाटायचं, सुस्ती यायची, आणि पुढे बऱ्या गोळ्या आल्या. त्यातून गोळीत औषध मोजून असतं, मुळीत ते झाडागणिक वेगळं. वरून सासऱ्यांची रोजची गोळी आहेच, दोन्ही मिळून प्रेशर धाडकन खाली आलं, बाथरूममध्ये चक्कर येऊन पडले, म्हणजे मग? पावडरचा डबा घेऊन त्यांच्या डॉक्टरांकडे जा आणि आत्तापर्यंत चमचाभर जरी पोटात गेली असेल तर तेही सांगा, लाजू नका, आणि चालू गोळी स्वतःहून बंद करू नका.

प्रश्न: बाळ पाच महिन्यांचं आहे. आई म्हणते गुटी मधातून चाटव, डॉक्टर ओरडतात. कोणाचं ऐकू? (वाचक, गिरगाव)

उत्तर: डॉक्टरांचं. मधात बॉट्युलिझम नावाचा आजार करणाऱ्या जंतूंचे बीजाणू असू शकतात, मोठ्यांचं पोट ते निभावतं, वर्षाच्या आतल्या बाळाचं नाही, अंग लुळं पडण्यापर्यंत जाऊ शकतं. मध घरचा, जंगलचा, महाबळेश्वरचा, कुठलाही असो. गुटीचंही डॉक्टरांना विचारूनच ठरवा, आणि आईंना सांगा पहिला वाढदिवस झाला की बोटाने चाटवा म्हणावं.