आधी रांग, मग राईड

प्रिय,

तुमच्या शेतावर काढायच्या पार्कचा तुझा प्रोजेक्ट रिपोर्ट सगळा वाचला. छापलायस झकास. रोलर कोस्टर, वेव्ह पूल, फूड कोर्ट, चारशे गाड्यांचं पार्किंग, सगळं आहे. फक्त हुरड्याच्या दिवसांत रविवारी तुमच्या ओसरीवर नाव लिहून ताटाची वाट बघत बसणारी माणसं त्यात कुठंच दिसली नाहीत. आणि तुमच्याकडे आज खरी पुंजी कुठली असेल, तर तीच.

बाबा म्हणतात थांब, बँकेचा माणूस म्हणतो हीच वेळ आहे, आणि तुला झोप लागत नाही. तुझ्या हुशारीबद्दल काही लिहीत नाही; ती दिसली नसती तर या भानगडीत पडलोच नसतो. त्यापेक्षा वॉल्टर नॉटबद्दल लिहितो.

कॅलिफोर्नियातल्या ब्युएना पार्कचं नॉट्स बेरी फार्म आज मोठं थीम पार्क आहे. नॉट तिथं १९२० मध्ये आला तो दुसऱ्याची जमीन खंडानं करायला. त्याआधी वाळवंटात शेती करून हात पोळून घेतले होते. रस्त्याकडेला बेरी विकायची, रोपं विकायची, एवढाच धंदा. रुडॉल्फ बॉयसन नावाच्या माणसानं संकर करून सोडून दिलेली, मरायला टेकलेली रोपं त्यानं आणून जगवली, आणि त्या फळाला नाव दिलं ते बॉयसनचंच. मग मंदी आली. १९३४ मध्ये त्याच्या बायकोनं, कॉर्डेलियानं, तळलेल्या कोंबडीचं जेवण वाढायला घेतलं. पहिल्या दिवशी आठ ताटं, लग्नातल्या ठेवणीतल्या भांड्यांत, ६५ सेंटला एक. काही वर्षांतच रविवारी हजारोंनी माणसं यायला लागली आणि तासन् तास ताटकळायला लागली.

आता पुढचं नीट वाच. नॉटनं काय केलं? टेबलं वाढवलीच; पण बाहेर उन्हात उभ्या असलेल्या माणसांकडे बघितलं. त्यांच्यासाठी दगडांची बाग केली, धबधबा केला, वाफ सोडणारा एक छोटासा ज्वालामुखीही बांधला. मग १९४० पासून घोस्ट टाऊन, म्हणजे ओसाड पडलेल्या जुन्या गावाचा देखावा, उभं राहायला लागलं. जुन्या खाणवस्त्यांतली पडीक घरं आणून पुन्हा उभी केली. त्याच्या आजोळची माणसं १८६८ मध्ये टेक्सासहून गाड्यांच्या तांड्यातून आली होती, त्या प्रवासाचा देखावा केला. हे सगळं कशासाठी? जेवायला नंबर लागेपर्यंत पोरं रडू नयेत म्हणून! आधी रांग, मग राईड.

मोठ्या राईड आल्या त्या १९६० नंतर. कॅलिको माइन राईड १९६० ची, ओंडक्यांची लॉग राईड १९६९ ची. दोन्ही बड हर्लबट नावाच्या माणसानं बांधल्या, स्वतःचे पैसे घालून, नॉटच्या जागेत. बाहेरच्या माणसाला स्वतःचा पैसा तिथं ओतावासा वाटला, कारण गर्दी आधीच होती. आणि फाटकाला तिकीट लागलं १९६८ मध्ये, म्हणजे नॉट तिथं आल्यावर ४८ वर्षांनी. तुझ्या रिपोर्टात फाटक पहिल्या पानावर आहे.

तू म्हणशील, काका, डिस्नीनं तर सगळं एकदम केलं. केलं. १९५५ मध्ये, नॉटच्या शेजारी ॲनाहाइमला, सुमारे १७ दशलक्ष डॉलर घालून. पण त्याच्या आदल्या वर्षापासून त्याचा कार्यक्रम एबीसी या टीव्ही वाहिनीवर दर आठवड्याला घराघरांत दिसत होता, पार्कचं नाव सांगत होता, आणि त्या एबीसीनं पार्कात पैसेही घातले होते. त्याची रांग दिवाणखान्यात उभी होती. डिस्नी आल्यावर नॉट बुडेल असं लोक म्हणायचे. उलट नॉटकडे गर्दी वाढली. तुझी रांग टीव्हीवर नाही, ओसरीवर आहे. तिच्याकडे बघ.

लांब कशाला, खोपोलीचं इमॅजिका बघ. २०१३ मध्ये सुरू झालं. राईड उत्तम, मी स्वतः बसलोय, खोट काढायला जागा नाही. २०१५ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. पण कर्ज डोईजड झालं, आणि २०२२ मध्ये संगमनेरच्या मालपाणी समूहानं कंपनी ताब्यात घेतली. ते लोक लोणावळ्याला आणि शिर्डीला आधीपासून पार्क चालवत होते. पावसाळ्यात राईड बंद ठेवता येते, व्याज बंद ठेवता येत नाही. हे वाक्य बँकेचा माणूस तुला म्हणणार नाही, म्हणून मी म्हणतो.

माझं ऐकायचं तर, आमच्या घरात आकाशपाळणा वडिलांपासूनचा. जत्रेत पोचलो की ते आधी देवळाची रांग कुठून वळते ते बघत फिरायचे, मग खुंट्या ठोकायला सांगायचे. पुढे भागीदारीत पार्क काढलं तेव्हा भागीदाराला परदेशी कोस्टर हवा होता. मी सही केली नाही. भित्रा म्हणाला, गावंढळ म्हणाला, वेगळा झाला. वीस वर्षांची मैत्री गेली, त्याच्या मुलीच्या लग्नाचं बोलावणंसुद्धा आलं नाही. त्याचं वाईट आजही वाटतं. सही न केल्याचं वाटत नाही. लोक म्हणतात, तुझं पार्क वाढलंच नाही. नसेल. दर एक तारखेला पगार झालेत, पाळण्याचं ग्रीसिंग चुकलं नाही, आणि शाळांच्या सहली अजून येतात. हे मी तुला सांगतोय की त्या भागीदाराला, देव जाणे.

तर काम सांगतो. येत्या रविवारी ओसरीवर बस, मोबाइल घरात ठेवून. नाव लिहिल्यापासून पान वाढेपर्यंत कोणाला किती वेळ लागतो, ते वहीत लिही. तेवढ्या वेळात पोरं काय करतात, आजी कुठं टेकतात, बापे कितीदा घड्याळ बघतात, तेही. कोण कंटाळून निघून गेलं ते तर नक्की. विहिरीवरची जुनी मोट बाबांनी ठेवलीय ना अजून? पोरं तिच्याभोवतीच घुटमळतात का, एवढं बघून कळव. बँकेला म्हणावं, हंगाम संपू दे.

तुझा,
काका