उलटतपासणीत ब्लँक झाले, आता वकिली जमेल का?

लॉ कॉलेजच्या मुलामुलींकडून हा प्रश्न मला दरवर्षी येतोच, स्पर्धांचा सीझन संपला की जरा जास्तच. मॉक ट्रायलला, म्हणजे स्पर्धेतल्या लुटुपुटुच्या खटल्याला, उभं राहिले, पाय लटपटले, डोकं पूर्ण ब्लँक, म्हणजे मी वकील व्हायच्या लायकीचीच नाही का? यावर नुसतं "होईल गं नीट" म्हणणं मला पटत नाही, म्हणून एक केस सांगते. मुलीची परवानगी घेतलीय आणि ओळख पटेल अशा गोष्टी बदलल्यात.

मुलगी तीन वर्षांच्या एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला, पुण्यात हॉस्टेलला, गाव मराठवाड्यात, शाळा मराठी मीडियमची. आली तेव्हा तिचा निष्कर्ष काढून झालेला होता, "मॅडम, माझं इंग्लिश कच्चं आहे, कोर्टात उभं राहणं माझ्याच्यानं होणार नाही, घरी कसं सांगू तेवढं सांगा." वडिलांनी फीसाठी कर्ज काढलेलं, त्यामुळे रात्र रात्र झोप नाही.

मी म्हटलं, घरचं नंतर बघू, आधी त्या मिनिटाला नेमकं काय झालं ते सांग. तिने पर्समधून वहीच काढली. प्रश्न शब्दन् शब्द लिहिलेले, प्रत्येकापुढे लाल पेनने अपेक्षित उत्तर, हो, हो, नाही, हो. केस मोटारसायकल चोरीची, ही आरोपीच्या बाजूने, साक्षीदार झालेला दुसऱ्या कॉलेजचा मुलगा. हिने विचारलं, घटनेच्या वेळी तुम्ही घरी होतात, बरोबर? वहीत उत्तर "हो". तो म्हणाला, नाही, मी दुकानात होतो. झालं! वहीतला पुढचा प्रश्न होता घराच्या खिडकीपासून रस्ता किती लांब, तो आता विचारायचा कसा? ती गप्प झाली, मग कसेबसे दोन प्रश्न विचारून खाली बसली.

मी वकील नाही, पण राहवलं नाही म्हणून विचारलं, पोलिसांना त्याने काय सांगितलं होतं? म्हणाली, घरी होतो असंच. आणि बोलता बोलता तिचं तिलाच कळलं. साक्षीदार आधीच्या जबाबाच्या उलट बोलला की तो जबाब त्याच्यापुढे ठेवून विसंगती दाखवायची, हे ती परीक्षेत लिहून आली होती, जुन्या पुरावा कायद्यात कलम १४५, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात १४८. बचावाच्या वकिलाला हवी तीच गोष्ट साक्षीदाराने आपणहून हातात आणून दिली होती आणि हिला वाटलं आपलं सगळं कोसळलं.

आता यात इंग्लिशचा संबंध किती? तो प्रश्न तिने इंग्लिशमध्येच विचारला होता आणि नीट विचारला होता. अडलं ते ऐकण्यात. भीती वाटली की आपलं सगळं लक्ष स्वतःकडे वळतं, आवाज कापतोय का, जज काय लिहितायत, पुढचं वाक्य कुठलं, आणि समोरचा काय बोलतोय ते कानावर पडतं पण डोक्यात शिरत नाही. त्यावर उपाय म्हणून मुलं पाठ करतात, आणि पाठ केलेलं एका शब्दाने हललं तरी पुढचं सगळं जातं, म्हणून भीती अजून वाढते.

मग आम्ही वही बंद केली. एका साक्षीदाराला एक कार्ड, त्यावर त्याच्या तोंडून काढायच्या तीनच गोष्टी, अंधार होता, अंतर जास्त होतं, आरोपीशी आधी भांडण झालं होतं, शेजारी त्याच्या जबाबातल्या परिच्छेदाचा नंबर. रूममेटला साक्षीदार केलं आणि सांगितलं मुद्दाम वाकडी उत्तरं दे. नियम असा की रूममेटच्या उत्तरातला एखादा शब्द हिच्या पुढच्या प्रश्नात आलाच पाहिजे. आधी मराठीत, मग इंग्लिशमध्ये, मग हॉस्टेलच्या चार मुलींसमोर, शेवटी कॉलेजच्या हॉलमध्ये. असं टप्प्याटप्प्यानेच करावं लागतं. ब्लँक झालं तर म्हणायचं वाक्यही ठरवून टाकलं, "युवर ऑनर, एक मिनिट द्यावं", मग श्वास सावकाश सोडायचा आणि कार्ड बघायचं.

पण सगळ्यात उपयोगी पडलं ते शिवाजीनगर कोर्ट. बार कौन्सिलच्या अभ्यासक्रमात खटल्यांच्या निरीक्षणाला ३० मार्क आहेत, एक दिवाणी एक फौजदारी, आणि बरीच मुलं ते जर्नल एकमेकांचं बघून उतरवतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. ही दिवसभर जाऊन बसली. "मॅडम, तिथे तर मराठीत चालतं, आणि किती थांबत थांबत!" वकील प्रश्न विचारतो, साक्षीदार सांगतो, जज ते स्टेनोला डिक्टेट करतात, तेवढ्यात वकील कागद चाळतो, ज्युनियरला काहीतरी विचारतो, आणि कोणी त्याला ब्लँक झाला म्हणत नाही. सिरीयलमधला धडाधड प्रश्नांचा मारा तिला कुठेच दिसला नाही.

पुढच्या स्पर्धेत त्यांची टीम दुसऱ्याच राऊंडला बाहेर पडली. पण साक्षीदार याही वेळी जबाबापासून हलला आणि ही थांबली, जबाब काढला, त्यालाच ती ओळ वाचायला लावली. हात पूर्ण वेळ थरथरत होते म्हणाली. थरथरू देत की, बऱ्याच अनुभवी वकिलांचेही थरथरतात. कॉलेज सोडायचा विषय त्यानंतर तिने काढला नाही.

तुमचंही असंच असेल तर आधी तो एक मिनिट आठवून लिहून काढा, नेमकं कुठल्या उत्तराला अडलात ते. पण झोप, जेवण दोन आठवड्यांहून जास्त बिघडलं असेल, छातीत धडधड होऊन कॉलेजला जाणंच बंद झालं असेल तर सराव करत बसू नका, डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेटा. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, रात्रीसुद्धा लागतो आणि मराठीत बोलता येतं.