सनदेचा (वकिलीच्या परवान्याचा) अर्ज आणि जुनी केस

तुमचा प्रश्न नीट वाचला. २०२२ च्या गणपती मिरवणुकीत दोन मंडळांची हाणामारी झाली, तुमच्यासह काही पोरांवर भादंवि (भारतीय दंड संहिता) ३२४ (घातक हत्याराने दुखापत), ३२३ (साधी दुखापत), ५०४ (शांतता बिघडावी म्हणून अपमान) आणि ३४ (सगळ्यांचा समान इरादा) खाली गुन्हा लागला, दोषारोपपत्र कोर्टात पडून आहे. आता एलएलबी झाल्यावर सनदेच्या अर्जातल्या फौजदारी प्रकरणाच्या रकान्यापाशी हात थांबलाय. ओळखीचे एक वकील म्हणतात, कोरा सोड, कोण बघतंय. तुमचे स्वतःचे वकील म्हणतात, गुन्हा कबूल कर, दंड भर, विषय संपव. मी तालुका कोर्टात बरीच वर्षं काढली आहेत. दोन्ही सल्ले चुकीचे आहेत, आणि दुसरा जास्त घातक आहे.

आधी कायदा काय म्हणतो ते बघा. अधिवक्ता अधिनियम १९६१ चं कलम २४-अ. नैतिक अधःपतनाच्या, म्हणजे समाजाच्या नजरेत नीच ठरणाऱ्या वर्तनाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या माणसाला सनद मिळत नाही. दोषी ठरलेल्या, आरोपी असलेल्या नव्हे. तुमचा खटला अजून चाललेलाच नाही, म्हणजे हे कलम आज तुम्हाला लागू होत नाही. शिवाय ही अपात्रता कायमची नसते, सुटकेनंतर दोन वर्षांनी ती संपते. (साध्या शिपायाच्या नोकरीला यापेक्षा जास्त छाननी होते, हे मला कधीच पटलेलं नाही, पण तो वेगळा वाद.)

मग रकाना कोरा सोडण्यात धोका काय? त्याच कायद्याच्या कलम २६ मध्ये एक परंतुक (जोडलेली अट) आहे. महत्त्वाच्या गोष्टीबद्दल खोटी माहिती देऊन नाव नोंदवलं असेल, तर बार कौन्सिल ऑफ इंडिया (वकिलांची देशपातळीवरची परिषद) तुमचं म्हणणं ऐकून घेऊन ते नाव पटावरून काढू शकते. त्याला किती वर्षांच्या आत, अशी मुदत तिथे लिहिलेली नाही. उद्या तुमची प्रॅक्टिस जमली, एखादा पक्षकार किंवा भाऊबंद चिडला, की पहिला अर्ज याच मुद्द्यावर जाणार. गावात केस लपून राहत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. सरकारी नोकरीच्या संदर्भातला अवतारसिंग प्रकरणाचा २०१६ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचून काढा. पोरवयातली किरकोळ केस अधिकारी पोटात घालू शकतात, पण विचारलेली माहिती खरीच द्यायला हवी, असा त्याचा रोख आहे.

खरी माहिती लिहिली म्हणून टेबलावरचा कारकून अर्ज परत करू शकत नाही. अर्ज राज्याच्या बार कौन्सिलच्या नोंदणी समितीपुढे जातो, आणि समितीला नाकारायचा असेल तर कारणं देऊन बार कौन्सिल ऑफ इंडियाचं मत मागवावं लागतं. उशीर होईल, एखादी चक्कर मुंबईला पडेल, एवढी तयारी ठेवा. आणि इथे अडलं तर दुसऱ्या राज्यातून सनद काढू, हा विचार सोडा. कलम २७ प्रमाणे एका राज्याच्या बार कौन्सिलने नाकारल्यावर तिच्या आणि बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या लेखी संमतीशिवाय दुसऱ्या राज्याची कौन्सिल अर्ज घेत नाही.

आता कबुलीचं. 'दंड भरून मोकळं व्हा' हे वाक्य आपल्याकडच्या कोर्टांच्या व्हरांड्यात रोज ऐकू येतं. पण कबुली म्हणजे दोषसिद्धी, मग दंड पाचशे असो की पाच हजार. हरियाणातल्या एका कर्मचाऱ्याने १९८० साली भादंवि कलम २९४ (सार्वजनिक ठिकाणी अश्लील वर्तन) खाली गुन्हा कबूल करून वीस रुपये दंड भरला. त्यापायी त्याची नोकरी गेली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं. १९९६ ला न्यायालयाने सांगितलं की २९४ ची शिक्षा आपोआप नैतिक अधःपतन ठरत नाही. जिंकला तो, पण सोळा वर्षांनी. हाणामारीच्या केसमध्येही नैतिक अधःपतन आहे की नाही, हे घटना कशी घडली, हेतू काय होता यावरून ठरतं. तो वाद स्वतःहून कशाला ओढवून घ्यायचा?

तडजोड ही पूर्णपणे वेगळी गोष्ट. ३२३ आणि ५०४ मध्ये फिर्यादीने तडजोड केली की तिचा परिणाम निर्दोष सुटल्यासारखा होतो. लोकअदालतीत जायचं तर यासाठी जा. तुमची अडचण ३२४ ची आहे. २००९ च्या अखेरीपासून त्यात खालच्या कोर्टात तडजोड होत नाही. पण समोरच्या मंडळाची पोरं आता तुमच्याबरोबर चहा पितात असं तुम्हीच लिहिलंय. मग त्यांचं संमतीचं शपथपत्र घेऊन उच्च न्यायालयात गुन्हा रद्द करायचा अर्ज करा. ग्यानसिंग प्रकरणातल्या २०१२ च्या निकालानंतर अशा खासगी भांडणांत हा रस्ता मोकळा आहे. खर्च होईल, पण करण्यासारखा आहे.

हेही जमलं नाही आणि कोर्टाने दोषी ठरवलंच, तर वकिलाला प्रोबेशन कायदा १९५८ खाली चांगल्या वर्तणुकीचा बॉण्ड मागायला सांगा. त्याचा लाभ मिळालेल्यांना २४-अ लागू होत नाही, तसं त्या कलमातच लिहिलंय. शिक्षेच्या मुद्द्यावर ऐकताना हा लाभ तोंडी मागणारे वकीलसुद्धा कमी दिसतात, म्हणून आठवण तुम्हीच करा.

तुमचा चुलतभाऊ त्याच केसमध्ये आहे आणि सीए करतोय, त्याला तर कबुलीच्या वाटेला जाऊच देऊ नका. सीए कायदा १९४९ च्या कलम ८ मध्ये दोन वर्षांची सवलत नाही. तिथे गुन्हा नैतिक अधःपतनाचा आणि कैदेला पात्र असला की दोषसिद्धी पुरते, प्रत्यक्षात फक्त दंड झाला तरी. ३२४ ला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. नंतर माफी मिळाली किंवा केंद्र सरकारने अपात्रता काढली तरच सुटका. घटनेच्या वेळी तो अठराच्या आत होता का, हेही बघा. तसं असेल तर त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जायला हवं होतं, आणि २०१५ च्या कायद्याच्या कलम २४ प्रमाणे त्याला कुठलीच अपात्रता चिकटत नाही. जन्मदाखला शोधून ठेवा.

अर्जाला फिर्याद आणि दोषारोपपत्राची प्रमाणित नक्कल, केस कुठल्या टप्प्यावर आहे ते दाखवणारा रोजनामा आणि चार ओळींचं शपथपत्र जोडा. शपथपत्रात घटना सांगा, बाजू मांडत बसू नका. नक्कल मिळायला वेळ लागतो, तेव्हा नकलेचा अर्ज याच आठवड्यात टाका.